टक्के कशाचे, तुलना कशाशी

२०२४ च्या जूनच्या सुरुवातीला उजनी धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास खाली गेले. पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर पाण्याबाहेर आले आणि इंदापूरच्या काठावरच्या शेतकऱ्यांना मोटारी, पाइप पुढे सरकवत पाण्यामागे जावे लागले. अशा उन्हाळ्यात या गावांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘धरणात आता काहीच राहिलं नाही.’ दुसरे, ‘अजून तीस टीएमसी आहे, मग कालवा का बंद?’ दोघेही आकडा धरूनच बोलतात आणि दोघेही चुकतात.

उजनीची टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्यावर. हा साठा ५३.५७ टीएमसी. त्याच्या खाली ६३.६६ टीएमसी मृत साठा आहे, तो टक्केवारीत धरत नाहीत. म्हणून ‘शून्य टक्के’ म्हणतात तेव्हाही धरणात ६३ टीएमसीहून अधिक पाणी असते. पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे काठोकाठ भरली तरी त्यांचा एकत्र साठा सुमारे २९ टीएमसी होतो. उणे ६० टक्क्यांना उजनीत साधारण साडेएकतीस टीएमसी उरते, म्हणजे या चार भरलेल्या धरणांपेक्षाही थोडे जास्त. तेव्हा ‘काहीच राहिलं नाही’ हे खरे नाही. पण त्या साठ्यात गाळही आहे, पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की कालव्यात पाणी चढत नाही आणि उरलेले पाणी पिण्यासाठी राखावे लागते. म्हणून ‘तीस टीएमसी आहे, सोडा’ हेही चालत नाही. पहिल्या माणसाने टक्के कशाचे हे विचारले नाही. दुसऱ्याने पाणी असणे आणि ते हवे तिथे नेता येणे या दोन गोष्टी एकच धरल्या.

तर्कदोषांवरच्या पुस्तकांत लांबलचक याद्या असतात. त्या याद्यांतले बरेचसे दोष ठरवून केलेल्या उदाहरणांत सापडतात, प्रत्यक्ष वादात क्वचित. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत पाणी, ऊस, दर, निवडणूक यांवर जे वाद वर्षानुवर्षे चालतात ते पाहिले तर मोजकेच दोष पुन्हा पुन्हा भेटतात, आणि नुकसानही तेच करतात. बोलणारा अडाणी असतो म्हणून हे होत नाही. दीड तासाच्या पाळीत किती गुंठे भिजतील हे तोंडी सांगणारा बागायतदार स्वतःच्या तालुक्याच्या हक्काचा विषय निघाला की साधा हिशेब सोडून देतो. जिथे आपला स्वार्थ गुंतलेला असतो तिथेच डोळा चुकतो. त्यामुळे तर्कदोष ओळखायचे तर आधी आपल्या बाजूच्या बोलण्यात शोधावे लागतात, आणि अवघड आहे ते हेच.

नीरेच्या पाण्याचा वाद घ्या. १९५४ च्या करारात डाव्या कालव्याला ४३ टक्के आणि उजव्या कालव्याला ५७ टक्के असे वाटप ठरले. डावा कालवा पुरंदर, बारामती, इंदापूरला. उजवा फलटण, माळशिरस, पंढरपूर, सांगोल्याकडे. पुढे नीरा देवघर धरण झाले, पण त्याचे कालवे रखडले आणि पाणी वापराविना राहू लागले. त्या पाण्याचे वाटप २००९ मध्ये डाव्याला ६०, उजव्याला ४० असे झाले, तेही मुदतीपुरते. जून २०१९ मध्ये सरकारने बारामती-इंदापूरला जाणारे हे जादा पाणी थांबवून उजव्या बाजूला वळवले. फेब्रुवारी २०२० मध्ये नव्या सरकारने डाव्याला ५५ आणि उजव्याला ४५ असा निर्णय घेतला.

या सगळ्या काळात सभांमधून एक वाक्य फिरत होते: ‘४३ चे ६० केले.’ ऐकताना वाटते की एकाच घागरीतून कोणी जास्त ओतून घेतले. पण ४३ हा जुन्या करारातल्या वाटणीचा आकडा, तर ६० आणि ५५ हे नंतरच्या धरणातल्या न वापरलेल्या पाण्याच्या वाटणीचे. दोन वेगळ्या एकूण रकमांचे टक्के शेजारी मांडून वजाबाकी करता येत नाही. याचा अर्थ उजव्या बाजूची तक्रार खोटी होती असा नाही. फलटण-माळशिरसच्या शेतकऱ्याला नियोजनात लिहिलेले पाणी मिळत नव्हते, ही तक्रार स्वतःच्या पायावर उभी राहू शकते. चुकीच्या वजाबाकीमुळे ती उलट कमजोर झाली.

डाव्या बाजूचा प्रतिवाद होता, ‘इतकी वर्षं मिळतंय, ते आता तोडता कसं?’ यातही फट आहे. कालवे अपुरे म्हणून उरलेले पाणी हे कालवे पूर्ण होईपर्यंतचेच असते. दीर्घकाळ मिळाल्याने गरज निर्माण होते, त्या भरवशावर ऊस लागतो, कर्ज निघते, आणि ते पाणी अचानक तोडणे अन्यायाचे ठरू शकते. तो मुद्दा मांडायला हवा होता, कारण तो खरा आहे. पण मिळत होते एवढ्यावरून हक्क सिद्ध होत नाही. दोन्ही बाजूंकडे चांगले मुद्दे होते आणि दोन्ही बाजूंनी त्यांतले कच्चेच पुढे केले.

सरासरीचा दोष याच कुळातला. बाहेरच्या माणसाला बारामती म्हणजे हिरवा तालुका वाटतो. नीरा डाव्या कालव्याखालच्या पट्ट्यात तो तसा आहेही. पण उत्तरेला सुपे, मोरगाव, उंडवडी, शिर्सुफळ हा जिरायती भाग पावसावर आणि जानाई-शिरसाईसारख्या उपसा योजनेच्या आवर्तनावर अवलंबून आहे. दुष्काळी वर्षात एकाच तालुक्यात एकीकडे ऊस उभा असतो आणि दुसरीकडे टँकर फिरतो. तालुक्याची सरासरी काढली की टँकर दिसेनासा होतो. उलट, टँकरचा फोटो दाखवून संपूर्ण तालुका कोरडा ठरवला की ऊस दिसेनासा होतो. सगळ्याचे जे खरे ते प्रत्येकाचे खरे, किंवा एकाचे जे खरे ते सगळ्यांचे खरे, असे धरण्याची ही चूक आहे. जिरायती गावांनी ती फार सोसली आहे, कारण योजना तालुक्याच्या नावाने येतात आणि तालुक्याचे नाव तर आधीच संपन्न म्हणून गाजलेले.

उसाच्या उत्पादनाच्या गप्पांत हाच घोळ महिन्यांचा होतो. एक जण एकरी १०० टन सांगतो, दुसरा ५५ टन. पहिल्याचा आडसाली ऊस, १६ ते १८ महिने शेतात उभा. दुसऱ्याचा सुरू हंगामाचा, १२ महिन्यांचा, किंवा खोडवा. टनांना महिन्यांनी भागले, पाण्याच्या पाळ्यांनी भागले, तर दोघांतले अंतर बरेच कमी होते. दराचेही तसेच. ‘शेजारच्या कारखान्याने इतका दिला, आमच्याने का नाही?’ हा प्रश्न सभासदाने विचारलाच पाहिजे, पण तुलना जुळवून. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला उसाचा किमान दर म्हणून क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी ठरवली, उतारा ९.५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर ती ३१५ रुपये १० पैसे. म्हणजे केवळ उताऱ्याच्या फरकाने टनामागे जवळपास २५० रुपये बदलतात. शिवाय तोडणी-वाहतूक खर्च, आसवनी आणि सहवीजनिर्मिती आहे की नाही, कर्ज किती, साखर कोणत्या भावाने विकली, हे सगळे आहे. दोन कारखाने या बाबतीत सारखे असतील तर दरातला फरक कारभाराचा मानावा. सारखे नसतील तर आधी फरक वजा करावा, मग उरेल त्याबद्दल संचालकांना धारेवर धरावे. ‘परिस्थिती वेगळी आहे’ एवढे मोघम उत्तर देणाऱ्या व्यवस्थापनालाही हेच लागू: वेगळी म्हणजे किती रुपयांनी वेगळी, ते सांगा.

तर्कदोष ओळखण्याच्या विद्येची आपल्याकडची परंपरा जुनी आहे आणि ती नुसत्या याद्यांची नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले: सत्य शोधण्यासाठी चाललेला वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा फक्त पाडण्याची वितंडा. पाच हेत्वाभास सांगितले, तीन प्रकारचे छल, २४ जाती आणि २२ निग्रहस्थाने. ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलने फसव्या खंडनांचे १३ प्रकार मांडले. मला न्यायसूत्रांतली तीन भागांची वाटणी या याद्यांपेक्षा मोलाची वाटते, कारण ती आधी विचारते की तुम्ही बोलताय कशासाठी. एकच वाक्य वादात प्रामाणिक चूक असते आणि जल्पात हत्यार.

न्यायशास्त्राचे आवडते उदाहरण डोंगरावरच्या धुराचे: धूर आहे, म्हणून आग आहे. गाळप हंगामात इंदापूरच्या रानात धूर दिसला तर आग आहे हे पक्के. पण ते गुऱ्हाळ आहे की कोणी पाचट पेटवले, हे धूर सांगत नाही. दोन्हींशी सारखाच जुळणारा पुरावा दोन्हींपैकी एकही सिद्ध करत नाही; अशा हेतूला सव्यभिचार म्हणत. ‘हे पाणी आमचं, कारण ते आमच्या वाट्याचं आहे’ हे साध्यसमाचे उदाहरण: जे सिद्ध करायचे तेच कारण म्हणून दिले. पाण्याच्या सभांमध्ये हा दुसरा प्रकार सर्वांत जास्त ऐकायला मिळतो, आणि टाळ्याही त्यालाच पडतात.

आता कार्यकारणाकडे येऊ. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, ही म्हण प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही २०२४ च्या जून-जुलैत बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर भागांत रात्री आकाशात ड्रोन दिसू लागल्याची चर्चा सुरू झाली आणि गावे जागली. ड्रोन दिसला, नंतर चोरी झाली, म्हणजे ड्रोनने टेहळणी करून चोरी केली, अशी साखळी तयार झाली. पोलिसांनी गस्त वाढवली, अफवांवर विश्वास ठेवू नका असे सांगितले. काही ड्रोन खरेही असतील. पण साखळी तपासायची तर चार खाने भरावे लागतात: ड्रोन दिसला आणि चोरी झाली; ड्रोन दिसला, चोरी नाही; ड्रोन नाही, तरी चोरी; आणि दोन्ही नाही. आपल्या बोलण्यात फक्त पहिला खाना येतो, कारण तोच सांगण्यासारखा असतो. ज्या रात्री काहीच घडले नाही त्या रात्रीची गोष्ट पारावर कोणी सांगत नाही.

अशी साखळी निरुपद्रवी राहीलच असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागत फिरणारे होते. त्या दिवशी त्यांच्याविरुद्धचा पुरावा काय होता? ते अनोळखी होते, आणि मोबाइलवर मुले पळवणाऱ्यांबद्दलचे संदेश फिरत होते. अनोळखी असणे हे चोराला जुळते तसे भिक्षेकऱ्यालाही जुळते, फेरीवाल्यालाही, वाट चुकलेल्या माणसालाही. धुराचा जुनाच दोष, पण इथे त्याने पाच जीव घेतले. म्हणूनच हा विषय शाळेच्या पुस्तकापुरता ठेवू नये असे मला मनापासून वाटते.

कार्यकारणाची चूक चांगल्या कामातही शिरते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला. जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेलांनी त्याबद्दल जाहीरपणे सांगितले आणि इलॉन मस्क यांनीही त्याची दखल घेतली. काम महत्त्वाचे आहे, बारामतीने त्याचा अभिमान बाळगावा. पण ‘एआयमुळे एवढे टन वाढले’ असे कोणी सांगितले की शेतकऱ्याने विचारावे: त्याच प्लॉटवर रोपे निवडून लावली होती का? ठिबक होते का? माती परीक्षण करून खत दिले होते का? सरीतले अंतर बदलले होते का? तज्ज्ञ रोज फेरी मारत होते का? हे सगळे एकदम बदलले असेल तर वाढीतला कोणता वाटा कशाचा, हे टनांच्या आकड्यावरून कळत नाही. आणि जगातल्या बड्या माणसाने नाव घेतले, यावरून तर अजिबात कळत नाही.

हा प्रश्न शेतीनेच जगाला सोडवून दिला आहे. इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करताना रोनाल्ड फिशर यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाफे वाटून देण्याची, प्रत्येक उपचाराची अनेक वाफ्यांत पुनरावृत्ती करण्याची आणि बिनउपचाराचा वाफा शेजारी ठेवण्याची पद्धत रुजवली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९३५ चे. आपल्या शेजारी, नीरा काठच्या पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आहे. या दोन तालुक्यांत घरोघरी पोचलेल्या को ८६०३२ सारख्या वाणाची शिफारस होते ती अशाच पुनरावृत्तीच्या चाचण्यांनंतर, कोणाच्या एका बांधावरच्या अनुभवावरून नव्हे. बारामतीच्या नव्या प्रयोगालाही हीच कसोटी लावावी, तीच त्याची खरी कदर ठरेल.

यशोगाथांचा दोष इथेच सांगून टाकतो. इंदापूरच्या डाळिंबाने किती जणांची घरे उभी केली हे छापून येते. तेल्या रोग पडून ज्यांना बागा काढाव्या लागल्या त्यांच्या मुलाखती होत नाहीत. दहा जणांनी लावले, दोघे तरले आणि आपण त्या दोघांनाच ‘तुमचे रहस्य काय’ विचारले, तर उत्तर मिळेल ते रहस्य आठ जणांकडेही असू शकते.

कार्यकारणाची सर्वांत मोठी आणि सर्वांत महाग चूक मात्र या भागात सव्वाशे वर्षांपूर्वी झाली, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर अवर्षणाच्या या पट्ट्याला आधार म्हणून नीरा डावा कालवा काढला गेला. १८८५ मध्ये तो सुरू झाला. कोरडवाहू रानात पहिल्यांदा पाणी आले. एक पाळी दिली की बाजरी तरारली, पाळ्या वाढवल्या तर ऊस उभा राहिला. अनुभवाने शिकवलेला नियम असा झाला की पाणी जितके जास्त तितके पीक चांगले. काही हंगाम हा नियम प्रत्येक वेळी खरा ठरला. मग सखल भागातल्या खोल काळ्या जमिनींवर पांढरा थर दिसू लागला. पाझरलेल्या पाण्याने भूजल वर आले, खालचे क्षार केशाकर्षणाने पृष्ठभागावर साठले, पाणी उडून गेले आणि क्षार राहिले. विहिरी भरलेल्या आणि रान नापीक, अशी अवस्था झाली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली.

चूक कुठे झाली? कावळा-फांदीच्या, म्हणजे काकतालीय न्यायात लागोपाठ घडलेल्या दोन गोष्टींमध्ये नसलेले कार्यकारण जोडले जाते. इथे उलट झाले. खरे कार्यकारण होते, पण कारण आणि परिणाम लागोपाठ नव्हते, म्हणून ते कोणी जोडले नाही. पाणी द्यायचा वरच्या अंगाचा शेतकरी. जमीन चोपण व्हायची खालच्या अंगाच्या शेतकऱ्याची. पाणी आज दिले, खार काही वर्षांनी फुटला. वरच्याच्या अनुभवात जास्त पाण्याचा तोटा कधी आलाच नाही, आणि खालच्याला आपल्या बांधापलीकडचे कारण दिसले नाही. तो स्वतःच्या जमिनीला किंवा नशिबाला दोष देत राहिला. प्रत्येक माणूस स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक होता आणि सगळे मिळून चुकत होते. अनुभव हा पुरावा आहेच, पण ज्या बांधापर्यंत तो पोचतो तिथपर्यंतचाच.

दुसरी चूक सरळ रेषेची. पहिल्या पाळीने जेवढा फायदा झाला तेवढाच दहाव्या पाळीनेही होईल असे गृहीत धरले गेले. वाफसा मोडला की मुळांना हवा मिळत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. तरी पाळी आपल्या वाट्याची आहे, सोडली तर गेली, या भीतीने पाणी घेतले जाते. इथे तर्कदोषाला व्यवस्थेचा हातभार लागतो. पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नसेल तर जास्त पाणी देणे त्या माणसापुरते शहाणपणाचेच असते. विसाव्या शतकाच्या तोंडावर विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली ती याच गाठीवर: उसाचे क्षेत्र बांधून देणे, फेरपालट ठरवणे आणि पाण्याची हमी देणे. मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये विशेष सिंचन विभाग काढला, त्याच्यापुढेही दख्खनच्या कालव्यांखालच्या शेतीचेच प्रश्न होते. त्यातूनच पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था वाढली. आजही या दोन्ही तालुक्यांत चोपण रान आहे. निचऱ्याच्या चऱ्या, जमिनीखालचे सच्छिद्र पाइप, जिप्सम, ताग-धैंचा हे उपाय माहीत आहेत. पण निचरा एका शेतकऱ्याने करून भागत नाही, पाणी पुढे नाल्यापर्यंत न्यावे लागते, आणि त्यासाठी वरच्या शेतकऱ्याला आपलाही यात भाग आहे हे पटावे लागते. म्हणजे शंभर वर्षांनीही अडचण तीच.

वादात व्यक्तीवर घसरणे हा दोष सगळ्यांना ओळखता येतो असे आपण समजतो. २०२१ ची उजनीची घटना पाहिली तर ते इतके सोपे नाही हे कळते. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून ५ टीएमसी पाणी उचलून इंदापूरकडे नेण्याच्या योजनेच्या सर्वेक्षणाला मंजुरीचा आदेश निघाला. त्या वेळी इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे सोलापूरचे पालकमंत्री होते. सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटले आणि मे महिन्यात जलसंपदा मंत्री जयंत पाटील यांनी आदेश रद्द केल्याचे जाहीर केले. आंदोलनात सर्वांत जोरकस मुद्दा होता: पालकमंत्री आमचे, आणि पाणी नेतात त्यांच्या मतदारसंघात. हा तर्कदोष आहे का? निर्णय घेणाऱ्याचा हितसंबंध दाखवणे गैर नाही. त्यामुळे कागद अधिक बारकाईने तपासण्याचे कारण मिळते. पण तपासण्याऐवजी तेवढ्यावरच थांबले तर दोष होतो, कारण ५ टीएमसी उपलब्ध आहे की नाही हे ते कोण मागतो यावर ठरत नाही. सोलापूर जिल्ह्यातूनच निवडून आलेल्या एखाद्या पालकमंत्र्याने तीच योजना मांडली असती तरी पाण्याचा हिशेब तोच राहिला असता.

तो हिशेब मात्र बाजूला पडला. योजनेच्या बाजूने सांगितले गेले की हे पाणी पुणे-पिंपरीहून येणारे सांडपाणी आहे, सोलापूरच्या वाट्याचे नव्हे. इथे खरा प्रश्न होता: शहरांतून परत येणारे हे पाणी उजनीच्या मूळ नियोजनात येव्यामध्ये आधीच धरले आहे का? धरले असेल तर ते दुसऱ्यांदा वाटता येणार नाही. धरले नसेल तर नेमके किती जादा येते आणि दुष्काळी वर्षात किती? या प्रश्नाचे उत्तर जमाखर्चाच्या कागदावर मिळते, मोर्चात मिळत नाही. इंदापूरकर म्हणतात, धरणात आमच्या जमिनी, आमची गावे गेली. सोलापूरकर म्हणतात, धरण आमच्या दुष्काळासाठी बांधले. दोन्ही विधाने खरी आहेत. पहिल्यावरून विस्थापितांना वाटा मिळावा हे निघते, दुसऱ्यावरून लाभक्षेत्राला अग्रक्रम मिळावा हे निघते. पण किती टीएमसी, हे दोहोंपैकी एकावरूनही निघत नाही. ‘इंदापूर की सोलापूर’ असे दोनच पर्याय ठेवले की वरच्या बाजूला पुण्याचा पाणीवापर, कालव्याची गळती, दोन्हीकडचा ऊस, हे चर्चेतून निसटतात. उजनीतूनच पाणी उचलणाऱ्या लाकडी-निंबोडी उपसा योजनेवरून २०२२ मध्ये वाद पुन्हा उठला तेव्हाही याच चौकटीत अडकला.

निवडणुकीचे एक उदाहरण थोडक्यात. २०२४ च्या मे महिन्यातल्या लोकसभा मतदानात बारामती विधानसभा क्षेत्राने सुप्रिया सुळे यांना जवळपास ४८ हजारांची आघाडी दिली. त्याच मतदारांनी नोव्हेंबरात विधानसभेला विरुद्ध गटाच्या अजित पवार यांना सुमारे एक लाखाच्या फरकाने निवडून दिले. दोन्ही निकालांनंतर ‘हे होणारच होते’ असे लेख आले, आणि कारणांचे बरेचसे सामान सारखेच होते: घराणे, निष्ठा, विकासकामे. जे कारण दोन्ही विरुद्ध निकालांना तितकेच चपखल बसते त्याने एकही निकाल समजत नाही.

आणखी एक धोका आहे, तो दोषांची नावे पाठ झालेल्यांकडून येतो. समोरच्याने वाक्य उच्चारताच ‘हा तर्कदोष’ म्हणून त्याला गप्प करणे ही वितंडाच. चुकीच्या युक्तिवादाचा निष्कर्षही खरा असू शकतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, टेलचा शेतकरी सभेत उठून म्हणतो, ‘वरचे सगळे चोर आहेत, म्हणून आमच्यापर्यंत पाणी येत नाही.’ ‘सगळे’ हे अतिव्याप्त आहे, ‘चोर’ हे व्यक्तीवर घसरणे आहे, पुरावा त्याने दिलेला नाही. पण त्याच्या चारीत पाणी आलेले नाही, ही गोष्ट तशीच उरते. त्याच्याकडे मोजमाप नाही, कारण मोजमापक बसवणे आणि नोंद ठेवणे हे त्याच्या हातात नाही. ज्याच्याकडे आकडे आहेत त्याने ज्याच्याकडे नाहीत त्याला तर्क शिकवणे मला अन्यायाचे वाटते. पुरावा देण्याचा भार आकडे बाळगणाऱ्यावर टाकला पाहिजे. शिकलेल्या माणसाचे काम त्याचे वाक्य दुरुस्त करून पुन्हा मांडण्याचे आहे: या पाळीत शाखेच्या तोंडाशी किती पाणी सोडले आणि शेवटच्या चारीला किती पोचले, ते सांगा.

हे सांगण्याची जागा आहे. महाराष्ट्रात २००५ मध्ये सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला, पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी द्यायचे ठरले. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदाही आला. रब्बी आणि उन्हाळी आवर्तनांआधी कालवा सल्लागार समितीची बैठक होते; तिथे उपलब्ध साठा, बाष्पीभवन, पिण्याचे आरक्षण, उद्योगांचे पाणी आणि सिंचनाला उरणारा भाग मांडला जातो. ही टिप्पणी बैठकीच्या आधी आठवडाभर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. तिच्यात टक्क्यांच्या शेजारी टीएमसी लिहिलेले असावेत, गेल्या तीन वर्षांचे त्याच तारखेचे आकडे असावेत, आणि डोक्यापासून टेलपर्यंत प्रत्येक शाखेला मागच्या आवर्तनात प्रत्यक्ष किती पोचले याचा तक्ता असावा. कारखान्यांच्या वार्षिक सभेच्या अहवालातही उतारा, तोडणी-वाहतूक आणि उपपदार्थांचे उत्पन्न टनामागे किती, हे शेजारच्या कारखान्यांच्या आकड्यांसह एका पानावर यावे. सभासदाने हात वर करून प्रश्न विचारायचा तो त्या पानावर बोट ठेवून.